वरचा थर हापूस, खालचा कर्नाटक: जुने लेगो ऑनलाईन घेताना

आमच्याकडे आंब्याची पेटी घरात आली की पहिलं काम ठरलेलं, वरचा थर उचलून खालचा बघायचा. वर देवगड आणि खाली कर्नाटक हा उद्योग लहानपणापासून बघितलाय, त्यामुळे आपल्याला खोक्यात कोण फसवणार असा एक माज मला होता. तो माज लेगोच्या, म्हणजे एकमेकांत बसणाऱ्या प्लास्टिकच्या खेळण्यातल्या ठोकळ्यांच्या, साडेतीन किलोच्या एका खोक्याने उतरवला. फोटोत मस्त लाल-पिवळे-निळे ठोकळे, वर दोन अंतराळवीर ठेवलेले, मुंबईकडचा विकणारा, बोलायला गोड, मी सात हजार एका झटक्यात पाठवले. खोका सावंतवाडीला आला, उघडला, वरचा एक थर खरा आणि त्याखाली सगळा बिननावाचा डुप्लिकेट माल, दोन ठोकळे एकमेकांवर दाबले की बसल्यासारखे वाटायचे आणि उचलले की खालचा गळून पडायचा. आजी बाजूला बसून आमसुलं उलटत होती, ती म्हणाली, "ह्या काय हाडलंस रे मेल्या, आणि ह्येका सात हजार?" मी काय बोलणार.

त्यानंतर तीनेक वर्षांत पंधरा-सोळा लॉट घेतले, दोन-तीन सोडले तर सगळे चांगले निघाले. कसे घेतले ते लिहितोय, कारण कोकणात राहून हे करायचं म्हणजे थोडं वेगळं गणित आहे, इथे दुकान नाही, विकणारा बहुतेक लांबचा, माल बघायला जायचं तर अर्धा दिवस गाडीत.

आधी जुनंच का, ते सांगतो. 2020 मध्ये आयात खेळण्यांवरची ड्युटी 20 टक्क्यांवरून 60 झाली आणि 2023 मध्ये 70, त्यामुळे नवीन डब्याची किंमत बघून घरात भांडणच व्हायचं. आणि ही वस्तू जुनी झाली म्हणून बिघडत नाही. ठोकळ्याच्या पोटात नळ्या आणि वर बटणं, ही जी पकड आहे तिचा पेटंट अर्ज 28 जानेवारी 1958 चा, आणि तेव्हाचा ठोकळा काल दुकानातून आणलेल्या ठोकळ्यात आजही बसतो. दोन बटणांमधलं अंतर 8 मिलिमीटर, ठोकळ्याची उंची 9.6, पातळ पट्टीची 3.2, म्हणजे तीन पट्ट्या एकावर एक ठेवल्या की बरोबर एक ठोकळा. हे माप इतकी वर्षं हललं नाही म्हणून वीस वर्षांपूर्वीचा कुणाच्या तरी माळ्यावरचा खोका तुमच्या पोराच्या नवीन सेटात मिसळतो. आमच्या चितारआळीत लाकडी फळं-बाहुल्या करणाऱ्यांना मी मुद्दाम सांगतो की ही कंपनीसुद्धा 1932 मध्ये डेन्मार्कच्या बिलुंड गावात एका सुताराने लाकडी खेळण्यांचीच काढली होती, 1960 मध्ये लाकडी मालाचं गोदाम जळलं आणि त्यांनी लाकूड सोडलं ते सोडलंच. पण ते असो.

आता शोधायचं कुठे. ओएलएक्स आणि फेसबुक मार्केटप्लेस हे दोन मुख्य, मग व्हॉट्सअ‍ॅपचे सोसायटीवाले आणि शाळेच्या आयांचे ग्रुप, ते सगळ्यात भारी पण तिथे तुमचं कुणीतरी ओळखीचं आत पाहिजे. माझी डोंबिवलीची वहिनी अशा तीन ग्रुपांत आहे आणि माझे निम्मे चांगले लॉट तिच्यामुळे आलेत. लोकेशन सिंधुदुर्ग ठेवून बसलात तर महिन्यात एक जाहिरात दिसेल, ती पण प्लास्टिकच्या मोटरगाडीची. मी लोकेशन बदलत राहतो, ठाणे, पुणे, कोल्हापूर आणि मुख्य म्हणजे म्हापसा-पणजी. गोवा आम्हाला मुंबईपेक्षा जवळ, बांदा ओलांडलं की पोचलोच, आणि तिथे बाहेरून येऊन राहिलेली, परत निघालेली घरं बरीच, जाताना खेळणी कोण नेतो. स्पेलिंगवर तर वेगळा लेख होईल. निम्म्या लोकांना नीट लिहिताच येत नाही, लीगो, लेगोज, ब्लॉक गेम, बिल्डिंग ब्लॉक, नुसतं "मुलांची खेळणी लॉट" असं काहीही टाकतात, आणि जे चुकीचं लिहितात त्यांना भाव माहीत नसतो, म्हणून तेच शोधायचं. उलट्या बाजूने सांगायचं तर आपल्याकडे कुठल्याही ठोकळ्याला लेगोच म्हणतात, जशी कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा, त्यामुळे शीर्षकात लेगो लिहिलंय याचा अर्थ शून्य.

वेळ पण बघा. मे महिना आणि जूनचा पहिला आठवडा, बदल्यांचा सीझन, घरं रिकामी होतात. दुसरा सीझन दिवाळीची साफसफाई. आणि तिसरा कुणाच्या लक्षात येत नाही तो म्हणजे पोरगा दहावीत गेला की, आई एका दुपारी वैतागून सगळा खोका मोबाईलवर टाकते, अशा आईकडून घ्यायचं. हे मी गमतीत नाही म्हणत. विकणारे दोन प्रकारचे, एक जो लेगो विकतो आणि एक जी कपाट रिकामं करते. पहिल्याकडे माल निवडून घेतलेला असतो, लेगोची प्लास्टिकची छोटी माणसं वेगळी काढून वेगळी विकलेली असतात, उरलेला चोथा किलोवर असतो. त्या कपाटवालीकडे सगळं एकत्र असतं, त्यात गोट्या, पेन्सिलीचे तुकडे, कुकरची शिट्टी सुद्धा, पण माणसं पण असतात, चाकं पण असतात. जाहिरातीतले बाकीचे फोटो बघा, त्याच माणसाने सायकल, स्टडी टेबल, वॉटर बॅग विकायला टाकलीय का, म्हणजे घर आहे. पंचवीस जाहिराती सगळ्या खेळण्यांच्या म्हणजे दुकान आहे.

मेसेज कसा टाकायचा ते महत्त्वाचं, कारण "लास्ट प्राईस?" एवढंच लिहिलं की चांगली माणसं उत्तरच देत नाहीत. मी असं काहीतरी लिहितो: "ताई नमस्कार, मी सावंतवाडीहून, मुलासाठी आणि खरं तर माझ्यासाठी पण बघतोय. तुमच्या सोयीने एक-दोन फोटो मिळतील का, सगळा माल चादरीवर पसरून, उजेडात. आणि एका ठोकळ्याच्या वरच्या बटणाचा अगदी जवळून. पटलं तर लगेच घेतो, घासाघीस करणार नाही." शेवटचं वाक्य थोडं खोटं आहे, पण चालतं. चादरीचा फोटो का, तर खोक्यातला फोटो म्हणजे पेटीचा वरचा थर. चादरीवर पसरलं की खालचा थर वर येतो. कुणी पसरायला नाही म्हणालं, वेळ नाही म्हणालं, तर वाईट वाटून घेऊ नका, सोडून द्या. मी आणखी एक करतो, सांगतो की फोटोत तुमच्या घरातला एखादा चमचा ठेवा बाजूला. म्हणजे फोटो नेटवरून उचललेला नाही हे कळतं आणि मापाचा पण अंदाज येतो, कारण मोठ्या पोरांचे साधे ठोकळे आणि बाळांचे डुप्लो फोटोत सारखेच दिसतात, डुप्लो लांबी-रुंदी-उंचीला दुप्पट असतो. डुप्लो वाईट नाही, लहान बाळाला तोच पाहिजे, तीन वर्षांच्या आतल्या पोराच्या हाती बारीक तुकडे देऊच नका, पण किलोच्या भावात घेताना डुप्लो तुमचं वजन खाऊन टाकतो.

आता खरं-खोटं. वरच्या प्रत्येक बटणावर, आमचा पोरगा त्यांना टेंगळं म्हणतो, कंपनीचं नाव बारीक उठावात असतं. ठोकळा खिडकीपाशी तिरका धरला की सावलीत अक्षरं वर येतात, फोटो पण तसाच मागायचा, समोरून फ्लॅश मारला की काही दिसत नाही. टेक्निकच्या, म्हणजे लेगोच्याच गाड्या-यंत्रं करायच्या प्रकारातल्या, भोकं असलेल्या बऱ्याच लांब पट्ट्यांना वर बटणंच नसतात, तिथे नाव आतल्या किंवा कडेच्या बाजूला बारीक शोधावं लागतं, म्हणून एका तुकड्यावर नाव दिसलं नाही की लगेच बोंब मारू नका. पोटात नंबर पण असतो, दोन बाय चारच्या ठोकळ्याला 3001, दोन बाय दोनला 3003, एक बाय दोनला 3004. छोट्या माणसाचं मुंडकं उपटलं की मानेच्या खुंटीवर नाव दिसतं, पायावरच्या बटणांवर पण. डुप्लिकेट माणसांचे रंग जरा जास्तच चकचकीत आणि छपाई हललेली असते, एकदा खरा हातात घेतला की नंतर डोळ्यांनाच कळतं, जसं पायरी आणि हापूस.

फोटोवर भागत नसेल तर दहा सेकंदाचा व्हिडीओ मागा, दोन ठोकळे जोडायचे, एकाला धरून हलवायचं, मग ओढून काढायचं. काढताना टक् असा आवाज येतो. माझ्या त्या सात हजाराच्या खोक्यात तो आवाजच नव्हता, जोडताना पण नाही आणि सुटताना पण नाही.

रंगाकडे बघा. पांढरा आणि राखाडी उन्हाने पिवळा पडतो, खिडकीत शो-पीस म्हणून ठेवलेला सेट एका बाजूने पांढरा आणि एका बाजूने जुन्या दातासारखा असतो, म्हणून दोन्ही बाजूंचे फोटो मागा. राखाडीचं अजून एक, 2004 च्या सुमारास कंपनीने राखाडी रंग बदलला, आधीचा थोडा पिवळसर आणि नंतरचा निळसर, एकाच लॉटमध्ये दोन राखाडी दिसले तर तो डुप्लिकेट नाही, दोन वयांचा माल आहे. आणि तपकिरी! लालसर तपकिरी आणि गडद लाल, 2010 च्या आगेमागेचा माल बिस्किटासारखा मोडतो. मी एकदा जहाज घेतलं, सगळं तपकिरी, नुसती शिडाची काठी सरळ करायला गेलो आणि चार तुकडे कटाकट. जहाज, झाड, घोडा असलं काही तपकिरी असेल तर विचारा की मोडलेलं किती आहे, आणि आल्यावर जोर लावून सोडवू नका.

भावाचं गणित. दोन बाय चारचा एक ठोकळा साधारण 2.3 ग्रॅम, म्हणजे नुसते तेच असतील तर किलोत सव्वाचारशेच्या आसपास बसतात, पण लॉट कधी असा नसतो, बारीक तुकडे मिसळले की किलोला सहाशे-सातशे नग धरायचे. माझी मर्यादा अशी आहे, चांगला मिश्र माल, नाव बघून झालंय, माणसं आत आहेत, तर किलोला अडीच हजारापर्यंत जातो. माणसं काढून घेतलेली असतील तर दीड हजाराच्या वर नाही. हा माझा खिसा आहे, तुमचा वेगळा असू शकतो. पण वजन विचारताना हे नक्की विचारा की खोक्यासकट की नुसतं, पुस्तकं धरून की सोडून, मोठ्या हिरव्या पाट्या आत आहेत का. एका काकूंनी मला प्रामाणिकपणे चार किलो सांगितलं होतं, त्यात दीड किलो तर बिस्किटाचा पत्र्याचा डबाच होता. किचनचा काटा नसेल तर पोराला उचलून बाथरूमच्या काट्यावर उभं राहतो तसं करायला सांगा, खोका घेऊन एकदा आणि न घेता एकदा.

सेट असेल तर गणित वेगळं. डब्यावर किंवा पुस्तकावर चार-पाच आकडी नंबर असतो, तो ब्रिकसेट नावाच्या साईटवर टाकला की त्यात किती तुकडे, किती माणसं ते कळतं, आणि ब्रिकलिंक या लेगो खरेदी-विक्रीच्या साईटवर गेल्या सहा महिन्यांत तो सेट किंवा तो तुकडा प्रत्यक्षात कितीला गेला ते दिसतं, नवीन आणि वापरलेला वेगवेगळा. ब्रिकलिंक 2000 मध्ये सुरू झालं, 2019 मध्ये लेगो कंपनीनेच विकत घेतलं, भाव कळण्यासाठी यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही. फक्त ते परदेशी भाव आहेत, ते दाखवून इथल्या ताईंशी वाद घालायला जाऊ नका. आणि विकणारा म्हणाला "पूर्ण सेट आहे, एखादा तुकडा नसेल", तर तो एखादा म्हणजे नेमका माणूस किंवा विंडशील्ड असतं हे धरून चला. बऱ्याच सेटांत निम्मी किंमत त्या छोट्या माणसांची असते, ती 1978 पासून आहेत आणि जमवणारे लोक जगभर आहेत, म्हणून सेट घेताना पहिला प्रश्न माणसं किती आणि कुठली. त्यांच्या धडाला काखेखाली चीर गेलेली असते ती बघा, हात सैल आहेत का बघा.

डबा आणि पुस्तकाला जास्त पैसे देऊ नका. पुस्तकं कंपनीच्या साईटवर फुकट पीडीएफमध्ये मिळतात आणि आपल्याकडे पावसाळ्यात पुस्तकाचं काय होतं ते सांगायला नको, एका जुलैत बुरशी, उरलेलं कसर खाते, डब्याला वाळवी. ठोकळ्याला दमट हवेने काही होत नाही. स्टिकरला होतं, ते कडेने सुटतात आणि काळे पडतात. मोटर किंवा लाईटवाला सेट असेल तर बॅटरीचा कप्पा उघडून फोटो मागायचाच, समुद्राकाठच्या घरात आत हिरवं झालेलं असण्याची शक्यता फार, मालवणहून घेतलेल्या एका आगगाडीचे तर सेल आतच फुटून चिकटले होते. थोडं असेल तर कापसाच्या काडीला व्हिनेगर लावून निघतं, पत्रा खाल्ला असेल तर नाही.

पैशाचं आता. शक्य असेल तर हातात माल, हातात पैसे. म्हापशाला मी शुक्रवारी जातो, बाजार पण होतो आणि विकणाऱ्याला पण गर्दीच्या जागी भेटायला बरं वाटतं. एसटी स्टँडचं कँटीन ही जगातली सगळ्यात चांगली जागा आहे, टेबल मिळतं, चहा मिळतो, टेबलावर ठोकळे ओतून बघता येतात, वेटर पण येऊन बघतो. लांबचा व्यवहार असेल तर व्हिडीओ कॉल, खोक्यात हात घालून तळातला माल वर काढून दाखवा म्हणायचं, मग अर्धे पैसे, पार्सलची पावती आली की उरलेले. पूर्ण आधी मागणारा नको. "मी फौजी आहे, बदली झाली, सामान कँटॉन्मेंटमधून गाडीने येईल, गेट पासचे पैसे आधी टाका" असा मेसेज आला की समजून जा. आणि तुम्ही कधी काही विकायला काढलंत तर लक्षात ठेवा, पैसे येण्यासाठी क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही, पिन टाकला म्हणजे पैसे गेले. गेलेच तर त्याच दिवशी 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन करा, उद्या करू म्हणू नका. मी माझ्या सात हजारांसाठी केला नव्हता, लाज वाटली होती.

माल आणायचा कसा, हा कोकणातला खरा प्रश्न. कुरिअरवाले वजन बघतातच, पण खोक्याचं माप पण बघतात, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले 5000, आणि जे जास्त त्याचे पैसे. म्हणजे 40 बाय 30 बाय 30 चा खोका असेल तर 36000 भागिले 5000, सात किलो दोनशे ग्रॅमचे पैसे, आत भले तीन किलोच ठोकळे असोत. म्हणून विकणाऱ्याला सांगायचं की जोडलेली घरं-गाड्या सोडवून पिशव्यांत भरा, लहान खोका घ्या, हवा पाठवू नका. फक्त पूर्ण सेट असेल तर मोठे भाग तसेच राहू देत, नाहीतर इथे आल्यावर सगळ्या लॉटमधून तुकडे शोधत बसाल. स्पीड पोस्ट मला आजवर बरं पडलंय. एसटीचं पार्सल पण चांगलं, फक्त डेपोत आपण वेळेवर पोचलं पाहिजे.

पण सगळ्यात स्वस्त आणि भरवशाचं म्हणजे चाकरमानी. वहिनी मुंबईत खोका ताब्यात घेते, स्वतः बघते, तिला मी नाव कुठे बघायचं ते शिकवलंय, आणि मग तो खोका गणपतीत नाहीतर शिमग्याला तुतारी एक्सप्रेसने येतो. जुलैमध्ये घेतलेला माल भाद्रपदापर्यंत तिच्या पलंगाखाली पडलेला असतो, पोरगा रोज विचारतो, पण चालतं. एवढं एक सांगतो, गणपतीच्या गाडीत तिच्याकडे आधीच सामानाचे पाच डाग असतात, त्यामुळे दोन किलोच्या वर सांगू नका, नाहीतर पुढच्या वर्षी ती फोन उचलणार नाही.

परदेशातून थेट मागवायच्या फंदात मी पडत नाही. ड्युटी, पोस्टेज, त्यात 2021 पासून खेळण्यांना बीआयएसचा, म्हणजे सरकारी दर्जाचा, शिक्का लागतो, कस्टमला खोका अडकला की कोण सोडवणार. एखाददुसरा हरवलेला तुकडा पाहिजे असेल तर ब्रिकलिंकवर विक्रेता भारतातला असं फिल्टर लावून बघा, आपल्याकडचे थोडे आहेत तिथे.

खोका आला की उघडताना व्हिडीओ काढा, एका हातात मोबाईल, सुरुवात बंद खोक्यापासून, पत्ता दिसला पाहिजे. मग परात नाहीतर चादर, आणि ओता. पहिल्यांदा न-लेगो वेगळं करा. मग तुटलेले, चावलेले. चावलेले म्हणजे दाताचे व्रण, काही पोरांचे, काही कुत्र्याचे, एकात उंदराचे पण होते. पालीच्या लेंड्या तर गृहीतच धरा.

धुण्याबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण इथेच लोक माल घालवतात. पाणी कोमट, 40 डिग्रीच्या वर नाही, हात घातला की सुखद वाटेल इतकंच, उकळतं पाणी ओतलं की ठोकळा वाकडा होतो आणि मग कशातच बसत नाही. भांड्याचा साबण थोडा, अर्धा-एक तास भिजत. मोटरवाले, बॅटरीवाले, स्टिकर लावलेले बाहेर काढा आधी, ते ओल्या फडक्याने पुसायचे. चिपळूणहून एक लॉट आला होता, 22 जुलै 2021 च्या पुरात बुडालेला, विकणाऱ्या दादांनी आधीच सांगितलं होतं म्हणून फार स्वस्तात दिला. वरून बघाल तर स्वच्छ, त्यांनी धुतला पण होता, पण पोटातल्या नळ्यांत वाशिष्ठीचा गाळ सुकून सिमेंट झालेला. दोन रात्री भिजवला, मग दात घासायचा जुना ब्रश आणि नळीत घालायला उदबत्तीची काडी. चारशे ठोकळे, एकेक. बायकोने पहिले वीस केले आणि उठून गेली. पण त्यातला एक ठोकळा सुद्धा फेकावा लागला नाही, पकड तशीच, टक्.

बादलीत एक गंमत बघायला मिळते. खरा ठोकळा ज्या प्लास्टिकचा असतो, एबीएस, 1963 पासून तेच वापरतात, ते पाण्यापेक्षा किंचित जड, बुडतं. बाजारातल्या पुष्कळ हलक्या खेळण्यांचं प्लास्टिक तरंगतं. त्यामुळे बादलीत तरंगणारे ठोकळे संशयित. मात्र आधी पाण्याखाली उलटे करून नळीतली हवा काढा, नाहीतर खरा पण तरंगतो, आणि झाडं-पानं असले मऊ भाग खरे असूनही तरंगतात कारण ते वेगळ्या प्लास्टिकचे. बुडाला म्हणून खरा असं उलटं मात्र नाही हां, चांगल्या डुप्लिकेटचं प्लास्टिक पण तेच असतं.

धुवून झालं की तांदळाची रोवळी घ्या, तिच्यात निथळतं मस्त, आणि मग सुपात पसरून पडवीत, सावलीत, वारा लागेल असं. खळ्यात उन्हात नको, पिवळे होतात. आमच्याकडे मे महिन्यात एका सुपात आमसुलं आणि एका सुपात ठोकळे असतात, आजी आता दोन्ही उलटते, फक्त ठोकळ्यांना अजून "मेले गुंडे", म्हणजे दगड, म्हणते. पावसाळ्यात धुवायला काढू नका, नळीतलं पाणी चार-चार दिवस सुकत नाही आणि वास येतो. काढलेच असतील तर एकेक ठोकळा फडक्यावर आपटून पाणी झाडायचं आणि पंख्याखाली. हेअर ड्रायर नको.

पिवळे पडलेले पांढरे करायला औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साईड चालतं, 3 टक्क्यांचं, काचेच्या भांड्यात बुडवून काही तास उन्हात ठेवायचं, हातमोजे घालून, पोरांना लांब ठेवून. होतात पांढरे. पण काही महिन्यांनी पुन्हा पिवळसर झुकतात आणि पुन्हा पुन्हा केलं तर ठिसूळ होतात, त्यामुळे मी आता फक्त जे दर्शनी आहेत तेवढेच करतो. भिंतीच्या आत जाणारा ठोकळा पिवळा असला तर कोणाचं काय बिघडतं.

लावून ठेवताना रंगावरून नको, आकारावरून डबे करा. लाल डब्यात लाल बारीक तुकडा शोधायचा म्हणजे डोळे जातात, पण बारीक तुकड्यांच्या डब्यात लाल लगेच दिसतो. हे मला पोरानेच शिकवलं, मी सहा डबे रंगावरून भरून बसलो होतो.

आणि तुटलेले, डुप्लिकेट, अनोळखी जे उरतं ते लगेच टाकू नका. माझा तो सात हजाराचा माल अजून आहे. पकड नसल्यामुळे खेळायला उपयोग नाही, पण मागच्या वर्षी मखराखाली उंची कमी पडत होती तेव्हा सगळे ठोकळे गोंदाने चिकटवून चौथरा केला, वरून लाल कापड. वहिनीने कापड उचलून बघितलं, खालचा थर.